जर्मनीत एक सेमिस्टर करायला जाताय? आधी पत्त्याचं बघा

दर वर्षी मार्च-एप्रिल उजाडला की ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात, ताई व्हिसाला किती दिवस लागतात, ताई जॅकेट इथूनच घेऊ का, ताई कुकर न्यायचा का. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. मी पुण्याहून ब्रेमेनला गेले होते, एका विंटर सेमिस्टरला. आपल्या औंधला ब्रेमेन चौक आहे ना, तेच हे गाव, पुण्याचं आणि त्याचं जुनं मैत्रीचं नातं आहे. त्यामुळे उदाहरणं सगळी ब्रेमेनची येतील पण जर्मनीतल्या दुसऱ्या कुठल्याही गावाला जाणार असाल तरी नव्वद टक्के हेच लागू पडतं.

एक गोष्ट आधीच सांगते. सेमिस्टर म्हणजे हातात जेमतेम साडेचार-पाच महिने. डिग्रीला गेलेल्या माणसाचे पहिले दोन महिने कागदपत्रांत गेले तरी त्याच्याकडे पुढे दोन वर्षं असतात, आपले दोन महिने गेले की अर्धं सेमिस्टर संपलं. म्हणून काम पटपट उरकण्यापेक्षा कुठलं काम कुणाच्या आधी हे कळणं जास्त महत्त्वाचं, कारण तिथले कागद एकमेकांत अडकलेले असतात आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी असतो तुमचा राहायचा पत्ता.

सुरुवात कॉलेजातून, आणि तीही लेखी

ऑक्टोबरला जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला भेटा. आधी तुमचं कॉलेज तुम्हाला नॉमिनेट करतं, मग तिकडची युनिव्हर्सिटी अर्जाची लिंक पाठवते, मग अ‍ॅडमिशन लेटर येतं, आणि त्या लेटरशिवाय पुढचं काहीच हलत नाही. अशा एक्सचेंजमध्ये, म्हणजे दोन्हीकडच्या कॉलेजांच्या करारातून जाताना, तिकडची ट्यूशन फी माफ असते पण सेमिस्टर काँट्रिब्यूशन म्हणून एक रक्कम भरावी लागते, ब्रेमेनला ती चारशे युरोच्या आसपास जाते आणि त्यात बस-ट्रामचं तिकीटही येतं, त्यामुळे ती रक्कम बघून घाबरू नका, वसूल होते.

आता खरी अडचण. जर्मनीत विंटर सेमिस्टर 1 ऑक्टोबर ते 31 मार्च आणि समर सेमिस्टर 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर. लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात, त्यानंतर परीक्षा. आणि आपल्याकडे तोपर्यंत डिसेंबर-जानेवारीतच पुढचं सेमिस्टर सुरू झालेलं असतं! म्हणजे तुमचं एक सेमिस्टर आपल्याकडच्या दोन सेमिस्टरवर बसतं. जानेवारी-फेब्रुवारीची अटेंडन्स, इंटर्नल्स, सबमिशन यांचं काय करायचं हे एचओडींकडून तोंडी "बघू गं, करू काहीतरी" एवढ्यावर घेऊन जाऊ नका. साधा अर्ज करा, त्यावर सही-शिक्का घ्या, एक प्रत परीक्षा विभागात इनवर्ड करून घ्या. सर बदलतात, एचओडी बदलतात, इनवर्ड नंबर बदलत नाही.

तसंच लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे तिकडे कुठले विषय घेणार याचा लेखी करार. तिकडे एका सेमिस्टरला 30 ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजायची पद्धत) क्रेडिट्स धरतात आणि एक ईसीटीएस म्हणजे 25 ते 30 तासांचं काम, त्यात लेक्चर, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं आलं. आपल्या क्रेडिटशी ते एकास एक जुळत नाही. त्यामुळे तिकडच्या अमुक विषयाच्या बदल्यात इथला तमुक विषय धरणार हे जाण्याआधीच टेबल करून घ्या आणि प्रत्येक विषयाला एक स्पेअर ठेवा, कारण तिकडे गेल्यावर दोन लेक्चर्स एकाच वेळी येणं किंवा इंग्रजीतला कोर्स ऐनवेळी जर्मनमध्ये असल्याचं कळणं हे हमखास होतं.

नावाचा घोळ, हा खास आपला

हे कुठल्याच इंग्रजी गाइडमध्ये सापडणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि बऱ्याच जणांचं गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं असं दोन्ही. कॉलेजच्या पत्रात क्लार्कनी टाइप केलेलं तिसरंच काहीतरी. जर्मन ऑफिसच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसं असू शकतात. त्यामुळे युनिव्हर्सिटीचा अर्ज, ब्लॉक्ड अकाउंट, इन्शुरन्स, विमानाचं तिकीट, होस्टेलचा करार, सगळीकडे अक्षरशः पासपोर्टवर आहे तस्सं नाव टाका, वडिलांचं नाव गाळू नका आणि कुठे नवीन घुसडूही नका. मार्कशीटचा क्रम वेगळा आहे असं कॉलेजकडून एक ओळीचं पत्र लेटरहेडवर आणून ठेवा, ही दोघं एकच व्यक्ती आहेत एवढंच त्यात लिहिलेलं असलं तरी पुरतं.

पैसे आणि व्हिसा

अ‍ॅडमिशन लेटर आलं की दोन कामं एकदम सुरू करायची. एक ब्लॉक्ड अकाउंट, तिकडे त्याला श्पेरकोंटो म्हणतात. यात तुम्ही राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवता आणि तिकडे गेल्यावर दरमहा ठराविक रक्कम तुम्हाला मिळते. सप्टेंबर 2024 पासून महिन्याला 992 युरो, वर्षाला 11,904 असा हिशोब आहे. सहा महिन्यांचे होतात 5,952 युरो, म्हणजे युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाखांच्या घरात. एवढी रक्कम एकदम बघून घरचे हबकतात, आमचे बाबा हबकले होते, पण नीट समजावून सांगा की ही फी नाहीये, हे तुमचेच पैसे आहेत आणि तुमच्याच जेवणा-भाड्याला वापरायचे आहेत. इरॅस्मस प्लस (युरोपियन युनियनची एक्सचेंजसाठीची स्कॉलरशिप) किंवा दुसरी स्कॉलरशिप असेल तर तिचं पत्र चालतं, रक्कम कमी पडत असेल तर फरकापुरतं ब्लॉक करायचं. बाहेर पैसे पाठवताना बँक टीसीएसचं, म्हणजे पाठवतानाच आगाऊ घेतल्या जाणाऱ्या कराचं बोलेल, तर एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाखांपर्यंत तो लागत नाही, एका सेमिस्टरचं त्यात बसून जातं.

दुसरं काम व्हिसा. आपल्याला लागतो तो शेंगेनचा टुरिस्ट व्हिसा नाही, नॅशनल व्हिसा, डी टाइप, फी 75 युरो. अपॉइंटमेंटला वेळ लागतो, त्यानंतर पासपोर्ट काही आठवडे त्यांच्याकडे राहतो, त्यामुळे जूनमध्ये अर्ज गेलाच पाहिजे असं धरून चाला. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमची शिक्षणाची कागदपत्रं खरी आहेत असं तपासून दिलेलं प्रमाणपत्र, लागायला लागलंय, तुमच्या एक्सचेंज प्रोग्रामला ते लागतं की सूट आहे हे पहिल्याच आठवड्यात ईमेलवर विचारून घ्या, कारण लागत असेल तर काही आठवडे त्यातच जातात. व्हिसा हातात आला की लगेच तारखा तपासा. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि व्हिसा जानेवारीत संपतोय असं असेल तर तिकडे जाऊन रेसिडेन्स परमिटची रांग लावावी लागते, पूर्ण सेमिस्टरचा मिळाला असेल तर ते सगळं वाचतं. अर्ज भरतानाच परीक्षेचा शेवटचा आठवडा धरून तारीख मागा.

इन्शुरन्स दोन लागतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. युनिव्हर्सिटीत नाव नोंदवायला तिकडचा सरकारमान्य पब्लिक हेल्थ इन्शुरन्स, विद्यार्थ्यांना महिन्याला दीडशे युरोच्या आत-बाहेर पडतो. पण तो सेमिस्टरपासून म्हणजे 1 ऑक्टोबरपासून सुरू होतो आणि तुम्ही उतरता सप्टेंबरच्या मध्याला. मधल्या दिवसांसाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा काढायचा.

खोली

आता मुद्द्याचं. युनिव्हर्सिटीच्या होस्टेलचं तिकडे युनिव्हर्सिटी बघत नाही, श्टुडिरेंडेनवेर्क नावाची वेगळी संस्था बघते आणि तिचा अर्ज वेगळा करावा लागतो. माझ्या बॅचच्या दोघांना वाटलं अ‍ॅडमिशन झालं म्हणजे खोली आली, ते सप्टेंबरपर्यंत वाट बघत बसले. अ‍ॅडमिशन लेटर यायच्या आधीही अर्ज करता येत असेल तर करून टाका, वेटिंग लिस्ट मोठी असते. भाडं तीनशे-चारशे युरोच्या दरम्यान, शिवाय डिपॉझिट. खाजगी खोली घेत असाल तर कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं नुसतं भाडं एवढंच घेता येतं. नुसतं भाडं म्हणजे काल्टमीटं, थंड भाडं, आणि हीटिंग-पाणी धरून असतं ते वार्ममीटं, गरम भाडं. जाहिरातीत कुठलं लिहिलंय ते बघा, शंभर-दीडशे युरोचा फरक पडतो.

आणि कृपा करून, खोली न बघता, करार न करता "मी सध्या लंडनला आहे, डिपॉझिट पाठव, चावी कुरिअर करतो" म्हणणाऱ्या कुणालाही पैसे पाठवू नका. दर वर्षी कुणीतरी फसतंच.

करार करताना एकच प्रश्न नक्की विचारा, इथे आनमेल्डुंग करता येईल का? आनमेल्डुंग म्हणजे तुम्ही या पत्त्यावर राहता अशी गावाच्या ऑफिसात नोंद. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि तिला घरमालकाने सही केलेलं पत्र लागतं, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, पाठ करायची गरज नाही, कागदावर लिहून खिशात ठेवा. कुणाच्या तरी सोफ्यावर महिनाभर राहू म्हटलं तर हे पत्र मिळत नाही, आणि नोंद नाही म्हणून बँक खातं अडतं, खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले तुमचेच पैसे तुम्हाला मिळत नाहीत. नोंदणीची अपॉइंटमेंटही ऑनलाइन घ्यावी लागते आणि ऑक्टोबरात सगळं गाव तीच घेत असतं, त्यामुळे खोली पक्की झाली की पुण्यात बसूनच स्लॉट बुक करा.

माझं नेमकं इथेच अडलं, तेही सगळं वेळेत करून. नोंदणी झाली, बँकेत अर्ज झाला, खातं चालू करायचा कोड पोस्टाने येणार होता. एक आठवडा गेला, दोन गेले. मी रोज खाली जाऊन पेटी उघडून बघायचे, रिकामी. तिसऱ्या आठवड्यात बँकेतल्या बाईंनी सांगितलं की पत्र केव्हाच परत आलंय, पत्त्यावर ही व्यक्ती नाही असा शेरा मारून. मी खोलीत येऊन रडायचीच बाकी होते. शेजारच्या खोलीतली मुलगी माझ्याबरोबर खाली आली, पेटीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, तुझं नाव कुठंय? पेटीवर आधी राहणाऱ्या मुलाचं आडनाव होतं. जर्मनीत पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतोच, पोस्टमन पेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव बघून पत्र टाकतो, नाव नाही तर पत्र परत. तिने तिच्याकडच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने माझं आडनाव लिहिलं, पेटीवर एक आणि बेलवर एक लावली, दोन मिनिटांचं काम. कोड नव्याने यायला पुढचे दहा दिवस गेले आणि तोवर मी मैत्रिणीकडून उसने घेऊन भाडं भरलं. म्हणून सामानात एक मार्कर आणि चिकटपट्टी टाका, चावी हातात आली की बॅग उघडायच्या आधी नाव लावा. ते नाव करारावर आहे तेच.

याच कारणाने पहिल्या दीड महिन्याचे पैसे, म्हणजे भाडं, डिपॉझिट, खाणं, सेमिस्टर फी, फॉरेक्स कार्डवर वेगळे ठेवा, ब्लॉक्ड अकाउंटच्या भरवशावर जाऊ नका.

सामान

खाण्याचं आधी, कारण आईशी वाद तिथेच होतो. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात न्यायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप नाही, पेढे नाहीत, खव्याचं काहीही नाही. आई म्हणेल अगं घरचं आहे, कोण बघतंय, पण कस्टमवाले उघडून बघतात. ताजी फळं-भाज्यांनाही सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे आंबेही राहू द्या. तुपाला पर्याय म्हणजे सुपरमार्केटमधलं बटरश्माल्झ, आपल्या तुपाच्या अगदी जवळचं, गरम भातावर घातलं की कळतही नाही. दुबईवरून जात असाल तर सामानात खसखस चुकूनही नको, मसाल्याच्या डब्यात खाली राहिलेलीसुद्धा नको, यूएईमध्ये ती बंदी असलेली वस्तू आहे आणि तिथे हे प्रकरण गंभीर होतं.

न्यायचं काय तर जे भारतीय दुकानातही मिळत नाही ते. तांदूळ, डाळी, पोहे, कणीक सगळं मिळतं. मिळत नाही गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आमसुलं, घरचं तिखट. हे दोन किलो घेतलंत तरी सेमिस्टर निघतं. आणि दिवाळी तिकडेच येणार, तर थोडं केशर आणि वेलदोडे घ्या. तिथे क्वार्क मिळतं, चक्क्यासारखंच, चाळीस टक्के फॅटवालं आणा, स्वच्छ फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये टांगून ठेवा, सकाळी पिठीसाखर, केशर, वेलची घालून घोटा. आम्ही अकरा जणांनी त्या श्रीखंडावर पाडवा केला होता आणि त्यातले सात जण वेगवेगळ्या देशांतले होते.

कुकर न्या, पण इंडक्शनचा तळ असलेला, साधा अ‍ॅल्युमिनियमचा तिथल्या इंडक्शनवर तापतच नाही. व्होल्टेज आपल्यासारखंच, 230. आपली दोन पिनांची गोल प्लग बहुतेक बसते, तीन पिनांची नाही, एक अ‍ॅडॉप्टर आणि एक आपली एक्स्टेंशन घेतली की काम झालं. फोडणी करताना खिडकी उघडी आणि खोलीचं दार बंद, छतावर स्मोक अलार्म असतो आणि होस्टेलमध्ये तो वाजला की सगळी बिल्डिंग खाली उतरते.

जॅकेट तिकडे घ्या. पुण्यात मिळणारं जॅकेट मनालीसाठी असतं, ब्रेमेनला बर्फ कमी आणि पाऊस-वारा जास्त, छत्र्या उलट्या होतात. वॉटरप्रूफ, टोपीवालं पाहिजे, बूटही पाणी न शिरणारे. इथून फक्त थर्मल्सचे दोन जोड घ्या.

औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह, मूळ पाकिटात. भारतातलं सिम बंद करू नका, छोटा रिचार्ज आणि रोमिंग निघण्याआधी चालू करा, बँकेचे ओटीपी त्यावरच येणार.

उतरायचा दिवस

सोमवार ते गुरुवार, तेही सकाळी उतरा. होस्टेलची चावी हाउसमाइस्टरकडे, म्हणजे बिल्डिंगच्या केअरटेकरकडे असते, तो माणूस ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दोन-तीन तासांतच भेटतो, आणि रविवारी तर दुकानंही बंद, दूध-ब्रेडसुद्धा मिळत नाही. त्याला आधी ईमेल करून वेळ घ्या. मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे, तिथून ब्रेमेनला ट्रेनने चारेक तास, किंवा हॅम्बुर्गला उतरलात तर तासाभराचं अंतर. ब्रेमेनच्याच एअरपोर्टला उतरलात तर 6 नंबरची ट्राम बाहेरच उभी असते, ती स्टेशनवरून थेट युनिव्हर्सिटीत जाते, टॅक्सीची गरज नाही.

पहिले आठवडे

लेक्चर दहा वाजता लिहिलं असेल तर सव्वादहाला सुरू होतं, याला अकॅडमिक क्वार्टर म्हणतात, वेळेपुढे एस. टी. लिहिलं असेल तरच ठोक्याला. कोर्सला नाव घालणं आणि परीक्षेला नाव घालणं ही दोन वेगळी कामं आहेत! ब्रेमेनला कोर्स श्टुड-आयपीवर आणि परीक्षा पाबोवर, दोन वेगळ्या साइट्स. परीक्षेची मुदत साधारण डिसेंबर-जानेवारीत येते, ती चुकली तर सेमिस्टरभर पहिल्या बाकावर बसलात तरी मार्क नाहीत. आणि मार्क आले की घरी आधीच सांगून ठेवा, तिकडे 1.0 सगळ्यात भारी, 4.0 म्हणजे काठावर पास, 5.0 नापास. माझा 1.7 ऐकून आजी काळजीत पडली होती.

टीव्ही-रेडिओची फी, महिन्याला 18.36 युरो, टीव्ही नसला तरी प्रत्येक घरामागे भरावी लागते, पत्र आलं की फेकू नका. फ्लॅट शेअर करत असाल तर सगळ्यांत मिळून एकच. प्लॅस्टिकच्या बहुतेक बाटल्यांवर 25 सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकून परत घ्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासाने मागे जातात, भारताशी फरक साडेतीनचा साडेचार होतो, घरच्यांना फोनची नवी वेळ सांगा. डिसेंबरात चार-सव्वाचारला अंधार पडतो. याचं कुणी बोलत नाही पण बऱ्याच जणांना तेव्हा खूप एकटं वाटतं, मलाही वाटलं. दुपारी ऊन पडलं की लेक्चरच्या मधल्या वेळेत बाहेर चालून या, मेन्सामध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, एकट्याने जेवू नका, कुठलातरी स्पोर्ट्स कोर्स घ्या, युनिव्हर्सिटीत अगदी स्वस्तात असतात. आणि तरीही उठवत नसेल तर युनिव्हर्सिटीचं समुपदेशन फुकट आणि इंग्रजीतही मिळतं, जा.

परत यायच्या आधी

होस्टेल सोडायची नोटीस दोन-तीन महिने आधी द्यावी लागते, करारात तारीख बघा. निघायच्या आठवड्यात आबमेल्डुंग, म्हणजे नोंद काढणं, आणि त्या कागदाची प्रत दाखवून इन्शुरन्स आणि टीव्हीची फी बंद. मार्कांचं ट्रान्सस्क्रिप्ट लगेच मिळत नाही, काही आठवडे जातात, म्हणून निघण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला तुमचा कॉलेजचा नाही तर पर्सनल ईमेल द्या आणि पुण्याला आल्यावर परीक्षा विभागात तो इनवर्ड नंबर घेऊन जा. खोलीचे फोटो काढून ठेवा, भिंती, गादी, फ्रीजच्या आतले कप्पे, सगळे. डिपॉझिट परत यायला महिने लागू शकतात, म्हणून तिकडचं बँक खातं ते पैसे येईपर्यंत बंद करू नका, माझे मे महिन्यात आले. आणि चावी देऊन निघताना पेटीवरची पट्टी काढू नका, कुणा शेजाऱ्याला सांगून ठेवा की माझ्या नावाचं काही आलं तर फोटो पाठव, महिन्याभराने काढ.